कार्बोरेटरचा डायफ्राम बदलल्यानंतरची स्कूटर: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव नव्या गाडीचा नसून एका जुन्या, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेल्या ११० सीसी गिअरलेस स्कूटरचा आणि तिच्यात बसवलेल्या एका लहानशा रबरी भागाचा आहे. गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळातली आहे. पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमवर (इंजिनच्या ओढीवर) चालणारा, चोक हाताने ओढायचा आणि इंजिनची ताकद साधारण आठ पीएस. रोजचा रस्ता सातारा शहरातला. त्याशिवाय आठवड्यातून एखाद-दोन वेळा कासकडे जाताना लागणारा यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास कार्बोरेटरचा स्लाइड-डायफ्राम, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग आणि त्यावरचा पातळ रबरी पडदा, बदलला होता. आता उन्हाळा लागला असून तिन्ही ऋतूंमध्ये गाडी वापरून झाली असल्याने या दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहिण्यास हरकत नाही.

तक्रार अशी होती. सेल्फ मारल्याबरोबर गाडी चालू होई, आयडलिंगला (मूठ न पिळता) इंजिन स्वच्छ फिरे, गल्लीतून हळू जाताना कसलीही कुरबूर नसे. मात्र अ‍ॅक्सिलरेटर एका मर्यादेपलीकडे पिळला की इंजिनचा आवाज घोगरा होऊन गाडीचा दम मरत असे. मूठ पूर्ण पिळण्याऐवजी थोडी सैल सोडली तर उलट गाडी जरा बरी ओढे. सपाट रस्त्यावर ती कशीबशी पस्तीस-चाळीसपर्यंत जाई आणि घाटात पहिल्या मोठ्या वळणानंतर मागून येणाऱ्या सायकलस्वारालाही वाट द्यावी लागेल असा वेग उरत असे. ज्यांना नेमकी हीच लक्षणे दिसत आहेत त्यांच्यासाठी पुढील मजकूर उपयोगी पडावा.

गिअरलेस स्कूटरमध्ये ‘पिकअप नाही’ या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात आणि बहुतेक वायफळ खर्च ते वेगळे न केल्यामुळे होतो. मूठ पिळल्यावर इंजिनचे आरपीएम चढतात, आवाज मोठा होतो, पण चाक त्या प्रमाणात फिरत नाही, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा बेल्ट, व्हेरिएटरचे (गिअरचे प्रमाण आपोआप बदलणाऱ्या कप्पीचे) रोलर किंवा क्लच यांत असतो. तेथे कार्बोरेटर उघडून उपयोग नाही. याउलट इंजिनच चढत नसेल, आवाज दबत असेल, तर हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशाची तरी कमतरता आहे असे समजावे. गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक मोकळे असताना सावकाश रेस देऊन पाहिले की हा फरक बराचसा कळतो. माझी गाडी स्टँडवर, कोणताही भार नसतानाही घुसमटत होती, त्यामुळे बेल्टचा संशय तूर्त बाजूला ठेवता आला.

ज्या गॅरेजमध्ये गाडी आधी दिली होती तेथे एअर फिल्टर आणि प्लग नवे घातले गेले, कार्बोरेटर ‘साफ’ केला गेला आणि तरीही फरक न पडल्यावर पूर्ण नवा कार्बोरेटर बसवावा असा सल्ला मिळाला. फिल्टर आणि प्लग बदलणे चुकीचे नव्हते; दोन्हींची मुदत होतच आली होती. पण त्यानंतरचा सल्ला कोणत्याही चाचणीवर आधारलेला नव्हता, हे मला खटकले. म्हणून गाडी घरी आणून, ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींच्या मदतीने, एकेक शक्यता तपासून काढली.

पहिली चाचणी चोकची. इंजिन गरम असताना घुसमट सुरू होईल इतकी मूठ पिळून धरायची आणि चोक अर्धा ओढायचा. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. त्यामुळे इंजिन सुधारले तर पेट्रोल कमी पडत आहे, म्हणजे मेन जेट (पेट्रोलचे मुख्य बारीक छिद्र) तुंबला आहे, फ्लोट बाउलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल पुरेसे येत नाही किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर ते इंजिन या नळीच्या) रबराला तडा जाऊन जादा हवा शिरते आहे, असा अंदाज बांधता येतो. माझ्या गाडीत चोक ओढल्यावर अवस्था सुधारण्याऐवजी आणखी बिघडली. नव्या प्लगचे टोकही पांढरट नव्हते, काजळी धरू लागले होते. म्हणजे पेट्रोलच्या टंचाईची शक्यता मागे पडली.

तरीही पेट्रोलचा मार्ग तपासणे आवश्यक होते. टाकीचे झाकण सैल ठेवून गाडी फिरवून पाहिली, कारण झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर काही अंतर गेल्यावर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि इंजिन उपाशी राहते; झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येणे ही त्याची खूण. येथे तसे काही नव्हते. कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवून, कॉकच्या व्हॅक्यूम नळीला सिरिंजने ओढ दिल्यावर पेट्रोलची धार सलग आली. व्हॅक्यूम नळीत मात्र पेट्रोलचा थेंबही नव्हता. तो असता तर कॉकमधील पडदा फाटला आहे असे मानावे लागले असते. बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले आणि थोडा वेळ स्थिर ठेवले. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला नाही, कचराही नव्हता.

सायलेन्सरचा विचारही करून झाला. गाडी बरेच दिवस उभी असेल तर त्याच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते आणि मग आयडलिंग ठीक, पण रेस दिली की इंजिन गुदमरते, असे होऊ शकते. माझी गाडी रोज चालणारी असल्याने तसे घडण्याचा संभव नव्हता. तरी हात लावून पाहिले, उत्सर्जनाचा झोत चांगला होता.

मग राहिला कार्बोरेटरचा वरचा भाग, जो साफसफाईच्या वेळी बहुधा कोणी उघडतच नाही. या प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरची केबल फक्त बटरफ्लाय (फिरणाऱ्या चकतीची) झडप उघडते. जेट नीडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई) धरून ठेवणारा स्लाइड केबलने वर जात नाही. तो उचलला जातो व्हॅक्यूमने. स्लाइडच्या माथ्यावर पातळ रबरी डायफ्राम असतो. त्याच्या वरच्या कप्प्यातील हवा स्लाइडच्या तळाच्या छिद्रातून इंजिनच्या ओढीने खेचली जाते, खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि या फरकामुळे स्प्रिंगला दाबून स्लाइड वर सरकतो. डायफ्रामला भोक पडले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ लागतो, मूठ कितीही पिळली तरी स्लाइड अर्ध्यावर अडकतो, आणि इंजिनला ना पुरेशी हवा मिळते ना योग्य मिश्रण. आयडलिंगचे काम पायलट जेट हे वेगळे लहान छिद्र पाहते, त्यामुळे तेथे काही कळत नाही.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. एअर फिल्टरची नळी काढून, इंजिन चालू ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहत मिस्त्रींनी रेस दिली. निरोगी स्लाइड रेसबरोबर झटकन वर जातो. आमचा एका बोटाच्या पेराइतकाही हलला नाही, नुसता थरथरत राहिला. (हे करताना चेहरा तोंडापासून दूर ठेवावा, उलट भडका येऊ शकतो.) झाकणाचे दोन स्क्रू काढून डायफ्राम बाहेर घेतला. वरवर पाहता तो धड दिसत होता. मात्र प्रकाशासमोर धरून हळूच ताणल्यावर, स्लाइडला जोडलेल्या कडेशी, घडी पडते त्या ठिकाणी, नखाएवढी चीर उघडली. शेजारी आणखी दोन टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती. रबर एका बाजूने लिबलिबीत आणि किंचित फुगलेले होते. माझा तर्क असा की साफसफाईच्या वेळी कार्ब क्लीनरचा फवारा रबर न काढताच मारला गेला असावा, कारण त्या द्रवाने असे रबर फुगते आणि कमजोर होते. अर्थात गाडीचे वय पाहता चीर आधीपासूनच असू शकते, म्हणून कोणावर ठपका ठेवत नाही.

आता मुख्य मुद्दा, नव्या भागाच्या निवडीचा. डायफ्राम बहुधा सुटा मिळत नाही, स्लाइडसकट संच घ्यावा लागतो. तरीही तो पूर्ण कार्बोरेटरच्या मानाने बराच स्वस्त पडतो. आमच्याकडे दोन पर्याय आले: एक कंपनीच्या पॅकिंगमधला, दुसरा बिनानावाच्या पिशवीतला, निम्म्याहून कमी किमतीचा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक बोटांनाच कळला. स्वस्त संचातील रबर जाड आणि ताठ होते आणि त्याची गोलाकार कड झाकणाखालच्या खाचेत नीट बसत नव्हती. एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर येई. ताठ रबर स्लाइडला उशिरा उचलणार हे उघड असल्याने पहिला घेतला. या निर्णयाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागले. रबराच्या कडेला असलेली छोटी जीभ कार्बोरेटरवरील तिच्याच खाचेत यायला हवी. झाकण ठेवण्यापूर्वी कड सर्व बाजूंनी खाचेत बसली आहे की नाही हे बोट फिरवून पाहावे, कारण ती थोडीशी चिमटली तरी नवा डायफ्राम पहिल्याच दिवशी जायबंदी होतो. आणि स्प्रिंग वाकडी न होता सरळ उभी राहिली पाहिजे. सगळे जोडून झाल्यावर स्लाइड बोटाने वर ढकलून सोडला असता तो धपकन न पडता सावकाश, अडखळल्याशिवाय खाली आला; मिस्त्रींनी यालाच पसंतीची मान डोलावली.

पहिल्याच दिवशी फरक इतका होता की मूठ पूर्वीच्या सवयीने पिळल्यावर गाडी अंगावर आल्यासारखी पुढे गेली. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात, मागे एक जण बसलेला असताना आणि रस्ता ओला असताना, गाडीने चढ न कुरकुरता पार केला. वेग काही बेफाम नव्हता. ११० सीसीच्या गाडीकडून तशी अपेक्षाही नाही. मायलेजमध्ये मोजून सांगण्याइतकी नोंद मी ठेवलेली नाही, परंतु टाकी भरण्याच्या अंतरात वाढ झाली आहे हे नक्की. प्लग मध्यंतरी काढून पाहिला तेव्हा त्याचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे मिश्रण योग्य आहे.

तक्रारी अगदीच नाहीत असे नाही. हिवाळ्यात सकाळी पहिली काही मिनिटे, चोक ढकलून झाल्यावर, पाव मुठीच्या आसपास एक बारीक अडखळ जाणवते आणि इंजिन गरम झाल्यावर नाहीशी होते. आयडलिंग एकदा वाढवून घ्यावे लागले. शिवाय पूर्ण वेगात गाडी पूर्वीसारखी टॉप मारत नव्हती, पण येथे इंजिनचा आवाज मोकळेपणाने चढत होता. म्हणजे हा दुसरा आजार होता. व्हेरिएटर उघडला तेव्हा रोलर गोल न राहता एका बाजूने सपाट झालेले आढळले. असे रोलर उताराच्या खाचेतून पूर्ण बाहेर सरकत नाहीत, त्यामुळे शेवटचा वेग मिळत नाही. बेल्टबरोबर तेही बदलले. तेव्हा डायफ्राम हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नाही, हे स्पष्ट करणे योग्य.

पेट्रोलमधील इथेनॉलबद्दल सतत विचारणा होते, म्हणून थोडे लिहितो. देशात २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि आता ते सर्वत्र आहे. माझ्यासारख्या त्याआधीच्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी तपासलेले असतीलच असे नाही, आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. नवा डायफ्राम आतापर्यंत याच इंधनावर चालला असून अलीकडे उघडून पाहिला तेव्हा तो मऊ, सपाट आणि चिरारहित होता. डायफ्राम थेट द्रव पेट्रोलमध्ये बुडालेला नसल्यामुळेही तसे असावे. फ्लोट बाउलचे ओ-रिंग व पेट्रोलच्या नळ्या मात्र मी वरचेवर बघतो, आणि गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करून ठेवतो.

बीएस-६ म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या स्कूटरवाल्यांना यातील बराचसा भाग लागू नाही. त्यांच्याकडे स्लाइड नाही, डायफ्राम नाही. तेथे फ्युएल पंपाचा दाब, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडीची घाण आणि सेन्सर यांची तपासणी करावी लागते, आणि मीटरमधील इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी त्याचा कोड वाचून घ्यावा. बेल्ट, रोलर, एअर फिल्टर आणि प्लग यांबाबत वर लिहिलेले मात्र त्यांनाही तितकेच लागू आहे.

माझ्या गाडीपुरते पुढचे काम टॅपेटचे आहे. गरम झाल्यावर चढावर शक्ती किंचित कमी होते का, हे पाहण्यासाठी पुढच्या सर्व्हिसला थंड इंजिनवर दोन्ही झडपांचे अंतर मोजून घेणार आहे.