किमान दहा हजारांचे बचत खाते वर्षाला केवढ्याला पडते?

दरमहा सरासरी 10,000 रुपये शिल्लक ठेवण्याच्या अटीवर पुण्यातील एका खासगी बँकेत उघडलेले बचत खाते मी गेले कित्येक महिने नियमित वापरत आहे. शाखेतील सेवा चोख आहे. हा अभिप्राय खात्याच्या किमतीपुरता आहे.

पासबुकात दिसणारा खर्च थोडाच आहे. डेबिट कार्डाचे वार्षिक 200 रुपये आणि एसएमएसचे तिमाही 15 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, असे वर्षाला 306 रुपये 80 पैसे होतात. एटीएमचा भुर्दंड पडला नाही, कारण अन्य बँकांच्या एटीएमवर पुण्यात महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. मुंबईत मात्र तीनच मिळतात आणि मर्यादा ओलांडल्यास 1 मे 2025 पासून दर व्यवहाराला 23 रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. ऑनलाइन एनईएफटी आणि यूपीआय विनामूल्य आहेत.

मोठा खर्च पासबुकात उमटतच नाही. अटीपायी अडकून पडलेल्या दहा हजारांवर बँक अडीच टक्के व्याज देते. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत असती, तर वर्षाला सुमारे 400 रुपये अधिक मिळाले असते. म्हणजे न दिसणारी किंमत दिसणाऱ्या शुल्कापेक्षा जास्त आहे आणि तिच्यावर जीएसटीही लागत नाही! राष्ट्रीय उत्पन्न मोजणारे संख्याशास्त्रज्ञसुद्धा बँकसेवेचे मोल बरेचसे अशाच व्याजातील फरकावरून काढतात. अर्थात, घरखर्चासाठी हाताशी ठेवावीच लागणारी रक्कम या हिशेबात धरणे मला पटत नाही. केवळ अटीमुळे ठेवलेली तेवढीच धरावी.

सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज भागिले महिन्याचे दिवस, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. तीस दिवसांच्या महिन्यात एकच दिवस तीन लाख रुपये खात्यात राहिले, तरी अट पूर्ण होते. सरासरी कमी पडल्यास दंड तुटीच्या प्रमाणात आणि ग्राहकाला आधी कळवूनच घ्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे.

ज्यांची उलाढाल कमी आहे, त्यांनी मूलभूत बचत खाते मागावे. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. माझे खाते मी चालू ठेवणार आहे, कारण शाखा घराजवळ आहे आणि तेवढ्यासाठी वर्षाला सातशे रुपये मला जड नाहीत.