शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घडवून घेतलेली ग्रीक सुरई

घाट अचूक साधलाय: फुगीर पोट, तीन पाकळ्यांचं तोंड, एकच कान. माप सुमारे सव्वातीन लिटर. प्राचीन अथेन्सच्या अँथेस्टेरिया या वाइनच्या सणाचं नाव फुलांवरून, ‘आन्थोस’वरून पडलं; दुसरा दिवस ‘खोएस’ मात्र याच सुरईच्या ‘खूस’ या नावावरून. मातृहत्येचा विटाळ घेऊन ग्रीक पुराणातला ओरेस्टीस अथेन्सला आला, तेव्हा त्याच्यासोबत एका भांड्यातून कुणाला प्यावं लागू नये म्हणून राजानं प्रत्येकाला वेगळी सुरई दिली, अशी कथा. त्या दिवशी जो तो मुकाट्यानं आपापली वाइन संपवी.

दोष एकच, कानाच्या सांध्याला केसाएवढी चीर. अंग ओलं नि कान सुकलेला असताना जोडला की आकसणं सारखं होत नाही. घेताना पाणी भरून रात्रभर ठेवून बघा. त्या सणात तीन वर्षांच्या पोरांना देत तसली छोटी सुरई मात्र खुशाल घ्या, फारच देखणी उतरलीय.