टीओडी स्मार्ट मीटर: आठ महिन्यांनंतर

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या टू बीएचकेत जुना मीटर काढून टीओडी ('टाइम ऑफ डे', म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) मीटर बसवला तेव्हा आई जिन्यात उभी राहून म्हणाली, "आता रिचार्ज संपला की अंधार." तिचंही चुकलं नव्हतं. 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेत प्रीपेडच होतं. बराच विरोध झाल्यावर जून 2024 मध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड नाही असं जाहीर केलं. आमचं बिल आजही महिना संपल्यावरच येतं.

या मीटरवरची सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर, 2025-26 मध्ये युनिटमागे 80 पैसे. दुपारी सौर वीज मुबलक असते, तेव्हा वापरा, हा हिशेब. वॉशिंग मशीन आणि इस्त्री आईच्या ताब्यात दिली, या वेळेतला महिन्याचा वापर 52 युनिटांवरून 78 वर गेला. जादा फायदा? 20 रुपये 80 पैसे. केंद्राचा 2023 चा नियम सौर तासांत किमान 20 टक्के स्वस्त दर म्हणतो. 101 ते 300 युनिटांच्या टप्प्यात वीज आकार आणि वहन आकार (वीज पोचवण्याचा) धरून युनिट दहा रुपयांच्या वर जात होतं, त्यात 80 पैसे म्हणजे आठ टक्केही नाहीत. आणि गिझर? डिसेंबरात नाशिकच्या थंडीत पोराची शाळेची रिक्षा पावणेसातला येते. त्याने आंघोळ काय नऊनंतर करायची?

तिसऱ्या महिन्यात बिल एकदम चढलं. सोसायटीत सगळ्यांचं एकच, मीटर फास्ट पळतो. मीही तेच धरून चाललो होतो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर वीज कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची असते. लेखी अर्जात हा नियम घातला नसता तर काउंटरवरून "साहेब, मीटर बरोबर आहे" एवढंच ऐकून परतलो असतो. हा दुसरा, चेक मीटर आला एकोणिसाव्या दिवशी. तीन महिन्यांत दोघांत फरक जेमतेम एका युनिटचा!

चोर सापडला अ‍ॅपमधल्या तासागणिक आलेखात. (अ‍ॅप मधेच दोन-दोन दिवस आकडेच दाखवत नाही, ते वेगळं.) रात्री दोन ते चार, सगळं घर झोपलेलं, तरी वापर खाली येईना. फ्रिजच्या दाराचं रबर फाटलं होतं, कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. रबर बदललं आणि पुढच्या बिलात तीसेक युनिटं कमी झाली. वर्षभराच्या 80-80 पैशांपेक्षा हे मला मोठं वाटतं, पण जाहिरातीत याचा उल्लेख नाही.

तेव्हा मीटरला चार तारे, सवलतीला दोन. तक्रार करायची तर लेखी करा आणि पोच घ्या. आमचा चेक मीटर अजून भिंतीवरच आहे, काढून न्यायला कुणी आलेलं नाही.