सात महिने स्टो वापरून: सगळं ठीक, पण ते फोल्डिंग!

स्टो हे फुकट टूल. मी ते डॉटफाइल्ससाठी, म्हणजे प्रोग्रॅम्सच्या सेटिंग फाइल्ससाठी वापरतो: फाइल्स एका फोल्डरात ठेवायच्या, स्टो होम फोल्डरात त्यांच्या सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारे दुवे) लावतो. जुलैच्या पावसात बॅग भिजली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. बारा हजार." त्यात सहा घातले तर रिफर्बिश्ड थिंकपॅड येतो. तोच उचलला.

रात्री डोंबिवलीला पोचून रेपो (हे फोल्डर, बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवलेलं) क्लोन केला, म्हणजे उतरवून घेतला, आणि 'स्टो झेडशेल गिट टीमक्स' एवढं मारलं, म्हणजे या तीन टूल्सच्या सेटिंग्ज लावल्या. चहा निवायच्या आत प्रॉम्प्ट, एलियस, शॉर्टकट सगळं जागेवर. फुकटच्या टूलला त्या रात्री पाचपैकी पाच दिले.

चौथ्या दिवशी दोन.

ट्रेनमध्ये फोनवर सहज कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) बघत होतो. घाटकोपर गेलं असेल. त्यात एक फाइल दिसली, जी मी कधी ठेवलीच नव्हती. आत एका टूलचं लॉगिन टोकन (पासवर्डसारखी किल्ली), उघडंनागडं! झालं असं की, घरी, म्हणजे होम फोल्डरात, जे फोल्डर आधीपासून नसतं, तिथे स्टो एकेका फाइलऐवजी आख्ख्या फोल्डरचीच सिमलिंक लावतो. यालाच फोल्डिंग म्हणतात. जुन्या मशीनवर डॉट-कॉन्फिगमधली (घरातल्या सेटिंग्जच्या फोल्डरातली) फोल्डर्स आधीच होती, म्हणून सहा महिने कळलंच नाही. नव्यावर टूलने टोकन 'घरी' लिहिलं, ते थेट माझ्या रेपोत पडलं, आणि मी सवयीने 'गिट ॲड डॉट' केलं, म्हणजे सगळ्या फाइल्स सरसकट गिटमध्ये घातल्या. रेपो प्रायव्हेट, पण फाइल उडवली तरी गिटच्या इतिहासात राहतेच. ऑफिसला पोचेपर्यंत उभ्या उभ्या टोकन रद्द केलं.

मॅन पेजमध्ये (टूलच्या माहितीपानात) हे सगळं लिहिलंय, मान्य. पण सिमलिंक लावताना एक ओळ छापायला काय जातं? मुळात हे टूल डॉटफाइल्ससाठी नव्हतंच, यूझर-लोकल या सिस्टिमच्या फोल्डरातली सॉफ्टवेअर्स वेगवेगळी ठेवायला होतं. तिथे फोल्डिंग शहाणपणाचं. घरात नाही.

आता डॉट-स्टोआरसी या स्टोच्या सेटिंग फाइलीत 'नो-फोल्डिंग' टाकलंय. त्याचा भुर्दंड असा, की नवी कॉन्फिग फाइल आपसूक रेपोत येत नाही. हाताने हलवा, पुन्हा स्टो मारा. चालेल.

ऑफिसातला मित्र शेमुआ (chezmoi) या डॉटफाइल्सच्या दुसऱ्या टूलवर ये म्हणतो. दोन मशीनवर दोन वेगळ्या सेटिंग्ज हव्या असतील तर त्याचे टेम्प्लेट उत्तम, खोटं कशाला बोला. पण तो फाइलची प्रत ठेवतो. विम एडिटरमध्ये सरळ घरातली फाइल बदलली तर ती परत रेपोत घाला. मला सेव्ह केलं की झालं पाहिजे. ऑफिसच्या ईमेलपुरतं गिटचं 'इन्क्लूड-इफ' (ठरावीक फोल्डरातल्या रेपोंना वेगळ्या सेटिंग्ज लावणारं) पुरतं. फक्त पाथच्या शेवटचा स्लॅश विसरू नका, नाहीतर आतले रेपो जुळतच नाहीत. माझे दोन दिवस त्यात गेले.

सध्या साडेतीन. बॅगेचं रेनकव्हर अजून घेतलेलं नाही.