साधा प्लग की इरिडियम: एका सिलिंडरच्या मोटारसायकलसाठी निवड

मोटारसायकलचा स्पार्क प्लग मागितला की स्पेअर पार्टचा दुकानदार हल्ली विचारतो, "साधा देऊ की इरिडियम?" साधा, म्हणजे निकेलचा, प्लग शंभराच्या आसपास मिळतो आणि इरिडियमला त्याच्या पाच-सहा पट पैसे पडतात. गिऱ्हाईक बहुधा जुना प्लग काजळून गाडी मिस करू लागल्यामुळे दुकानात आलेले असते, आणि नेमक्या त्याच तक्रारीसाठी या दोन पर्यायांमधला फरक सर्वांत कमी कामाचा आहे.

आधी फरक पाहू. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड सुमारे २.५ मिलिमीटर जाडीचा असतो, तर इरिडियमचा ०.६ किंवा काही प्लगमध्ये ०.४ मिलिमीटर. टोक जितके बारीक तितका विद्युतभार एका जागी एकवटतो आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी उडते, त्यामुळे गार सकाळी किंवा बॅटरी नरम असताना इरिडियमवर गाडी थोडी सहज सुरू होते. एवढे बारीक टोक टिकते याचे कारण धातूच्या वितळणबिंदूत आहे: निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियम २,४०० अंशांच्याही पुढे. निकेलचे टोक म्हणूनच जाड ठेवावे लागते, आणि तरीही त्याच्या कडा हळूहळू गोल होऊन गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, वाढत जातो.

मात्र मोटारींच्या प्लगबद्दल ऐकलेले लाख किलोमीटरचे आकडे मोटारसायकलला लावू नयेत. तसल्या दीर्घायुषी प्लगमध्ये बाहेरच्या वाकलेल्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनमसारख्या धातूचा तुकडा बसवलेला असतो. मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या बऱ्याच इरिडियम प्लगमध्ये तो इलेक्ट्रोड निकेलचाच असतो आणि तो निकेलच्याच वेगाने झिजतो. शिवाय एका सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांमध्ये ठिणगीचा इशारा क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्यावरून, घेतलेला असल्याने प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, म्हणजे निम्म्या ठिणग्या एक्झॉस्टच्या वेळी वायाच जातात. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर गरज २,५०० ठिणग्यांची असते आणि पडतात ५,०००. साधा प्लग दहा-बारा हजार किलोमीटरला बदलणे रास्त आहे. इरिडियम त्याच्या दुप्पट-तिप्पट चालला तर समाधान मानावे. केवळ पैशाचा हिशेब केला तर साधाच स्वस्त पडतो. त्यातच बजाज पल्सर १५०च्या डीटीएस-आय इंजिनाला एका सिलिंडरसाठी दोन प्लग लागतात आणि २०० एनएसला तीन, तेव्हा तिथे हा फरक तितक्या पटींनी गुणावा लागतो.

आता काजळीकडे वळू. प्लगच्या मधल्या चिनी मातीच्या नाकाडाचे तापमान सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहिले तर त्यावर बसणारा कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली तो साचत राहतो, आणि कार्बन वीजवाहक असल्यामुळे व्होल्टेज गॅप ओलांडण्याऐवजी नाकाडावरून सरपटत प्लगच्या लोखंडी अंगात उतरते. ठिणगी पडतच नाही किंवा अधूनमधून पडते, न जळलेले पेट्रोल प्लग ओला करते आणि काजळी आणखी वाढते. कमी व्होल्टेजवर काम भागत असल्याने इरिडियम या अवस्थेत थोडा जास्त काळ तग धरतो; पण एकदा तो पुरता काळा किंवा तेलकट झाला की त्याचे नाजूक टोक तारेच्या ब्रशने घासता येत नाही, पॉलिश पेपरने तर नाहीच. साधा प्लग पेट्रोलने धुऊन, हलक्या हाताने ब्रश मारून, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, गॅप लावून पुन्हा घालता येतो. त्यामुळे ज्या गाडीचा प्लग वारंवार काळा होतो त्या गाडीत, दोष सापडेपर्यंत, साधाच प्लग ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर गॅरेजमध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे "एक नंबर गरम प्लग टाकू." गरम प्लगची ठिणगी जास्त गरम नसते, त्याचे नाकाड लांब असल्यामुळे उष्णता हेडकडे, म्हणजे प्लग बसतो त्या सिलिंडरच्या झाकणाकडे, सावकाश जाते, एवढाच त्याचा अर्थ. एका नंबराने नाकाडाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या, इंजिन कधी नीट तापतच नाही अशा गाडीला एक पायरी गरम प्लग मानवू शकतो. पण तीच गाडी मे महिन्यात दोन माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढू लागली की नाकाड वरची मर्यादा ओलांडू शकते, मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. काळा प्लग फार तर रस्त्यात थांबवतो, फार गरम प्लग इंजिन उघडायला लावतो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतला नंबर सोडून एकाहून अधिक पायरी सरकू नये आणि ती एक पायरीही सवयीने सरकू नये.

त्यातही आकड्यांचा एक सापळा आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२ आणि ८ म्हणजे २४. ब्रँड बदलताना नुसता आकडा जुळवला तर उलटीच निवड होऊ शकते. अक्षरेही तितकीच महत्त्वाची आहेत. एनजीकेचे सी७एचएसए आणि सीपीआर८ईए-९ हे दोन्ही १० मिलिमीटर आट्यांचे आणि १६च्या पान्याचे प्लग असले तरी पहिल्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आहे व दुसऱ्याची १९. आखूड प्लगसाठी बनवलेल्या इंजिनात लांब प्लग घातला तर तो पिस्टनवर आदळू शकतो; उलट केले तर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो. दुसऱ्या प्लगातला 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत तो असलाच पाहिजे, नाहीतर ठिणगीचा विद्युत-गोंगाट ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, त्रास देतो. शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर गॅप.

काजळीचे खरे कारण प्लगच्या बाहेर असते आणि ते तिच्या रूपावरून बरेचसे कळते. कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे: ओढून तसाच राहिलेला चोक, धुळीने गच्च एअर फिल्टर, झिजलेली निडल-जेट किंवा उंची. तेराशे मीटरहून उंच असलेल्या महाबळेश्वरात हवा विरळ असते आणि कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल जवळपास तेवढेच सोडतो. ओली, तेलकट काजळी आणि सोबत निळसर धूर असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंग गेल्या आहेत. तिथे कोणताही प्लग उपयोगाचा नाही. पावसाळ्यात मिस होणाऱ्या गाडीचा प्लग अनेकदा निर्दोष असतो आणि पाणी प्लग कॅपमध्ये शिरलेले असते. अलीकडे काळ्या प्लगचे खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडले जाते, पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते आणि त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण उलट लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होते. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाल्यापासून चांगल्या प्लगचा रंगही जुन्या मेस्त्रींच्या चॉकलेटी खुणेपेक्षा फिकाच दिसतो, आणि इंजेक्शनच्या गाडीत तर राखाडी-पांढुरका. रंग पाहायचा तो चांगले दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर. घरासमोर आयडलवर ठेवलेल्या गाडीचा प्लग नेहमीच काळा सांगतो.

तेव्हा कार्ब्युरेटरची, शहरात छोट्या फेऱ्या मारणारी १०० ते १५० सीसीची गाडी असेल तर पुस्तिकेतल्या नंबरचा साधा प्लग घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत एअर फिल्टर बदलावा. इंजेक्शनची, नीट ट्यून असलेली, लांब पल्ल्याची गाडी असेल आणि टाकी काढल्याशिवाय प्लगपर्यंत हात पोचत नसेल, तर इरिडियमचे पैसे वसूल होतात. कोणताही घेतला तरी इंजिन गार असतानाच बदलावा आणि आट्यांना ग्रीस लावू नये. आधी बोटांनी पूर्ण बसवून, नवा असेल तर पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा. जुनाच पुन्हा घालत असाल तर घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढेच वळण पुरते. टॉर्क पाना असेल तर १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर.