डोमेनच्या नावाने जाणारे बनावट ईमेल: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांपैकी कशावर किती भिस्त ठेवावी

ईमेल पोहोचवणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली प्रमाणित झाली, तेव्हा प्रेषकाच्या रकान्यात जे नाव लिहिले असेल ते खरे मानून पत्र पुढे धाडावे, एवढेच काम सर्व्हरकडे होते. मूळ पद्धत आजही तशीच असल्यामुळे ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र तुमच्या व्यवसायाच्या पत्त्यावरून तुमच्याच ग्राहकाला तिसराच कोणी पाठवू शकतो, आणि त्यासाठी त्याला तुमचा पासवर्ड मिळवण्याचीही गरज पडत नाही. या उणिवेवर नंतर जोडलेले तीन उपाय म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. यांपैकी कोणता घ्यावा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु पहिले दोन पुरावा देतात आणि तिसरा त्या पुराव्यावरून निकाल देतो, त्यामुळे खरी निवड कष्ट कोठे अधिक घ्यावेत आणि निकाल किती कडक ठेवावा याची असते.

एसपीएफ सर्वांत सोपे आहे. आपल्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) वतीने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत, एका टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत लिहायची, आणि पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरने ती ताडून पाहायची. मात्र ही तपासणी वाचकाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याची होत नाही. ती होते पाकिटावरच्या, म्हणजे न पोहोचलेले पत्र ज्यावर परत जाते त्या रिटर्न-पाथमधल्या पत्त्याची. भामट्याने पाकिटावर स्वतःचे डोमेन घातले आणि आतल्या पत्रावर तुमचे, तर एसपीएफ बिनदिक्कत उत्तीर्ण होते. पत्र कोणी पुढे फॉरवर्ड केले, तर मधला सर्व्हर यादीत नसल्याने खरे पत्रही अनुत्तीर्ण ठरते. शिवाय ही नोंद तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारणा करता येते. बीजके पाठवणारी सेवा, ग्राहक-तक्रारींची सेवा, जाहिरातपत्रांची सेवा असे प्रत्येकाचे ‘इन्क्लूड’ (त्या सेवेची यादीही धरावी, असा उल्लेख) जोडत गेले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि संपूर्ण नोंदच सदोष मानली जाते. नवी सेवा घेताना जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी दुसरी एसपीएफ नोंद तयार करणे, ही तर नित्याची चूक. एका डोमेनला अशा दोन नोंदी असल्या की दोन्ही निकामी होतात.

डीकेआयएम उभारायला अधिक वेळ लागतो, पण टिकते अधिक. याहूच्या डोमेनकीज आणि सिस्कोच्या तशाच एका योजनेचा मेळ घालून ते २००७ साली प्रमाणित झाले. पाठवणारा सर्व्हर आपल्याजवळच्या खासगी चावीने पत्राच्या मजकुरावर आणि ठरावीक शीर्षरकान्यांवर डिजिटल स्वाक्षरी करतो, आणि स्वीकारणारा सर्व्हर डीएनएसमधल्या सार्वजनिक चावीने ती पडताळतो. स्वाक्षरी पत्राबरोबरच प्रवास करत असल्याने, मजकुरात कोणी फेरफार केला नाही तर फॉरवर्ड होऊनही ती वैध राहते. प्रत्येक सेवेला स्वतंत्र सिलेक्टर, म्हणजे तिची चावी ओळखणारे नाव, देता येतो, त्यामुळे एखाद्या पुरवठादाराशी संबंध संपला की फक्त त्याची चावी काढून टाकता येते. आरएसए या प्रचलित कूटपद्धतीची चावी किमान १०२४ बिटांची असावी लागते, पण २०४८ बिटांचीच घ्यावी. टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपुरता असल्याने ही लांब चावी तुकड्यांत लिहावी लागते, आणि ती अर्धवट चिकटवल्यामुळे फसलेल्या मांडण्या पुष्कळ असतात. एकट्या डीकेआयएमने तोतयेगिरी थांबत नाही, कारण स्वाक्षरी नसलेले पत्र नाकारावे असे ते कोणालाही सांगत नाही. तरीही हाती वेळ थोडा असेल, तर एसपीएफची यादी घोटत बसण्यापेक्षा तो प्रत्येक सेवेचे डीकेआयएम आपल्या डोमेनने चालू करण्यात घालवावा, असे माझे मत आहे.

डीमार्कचे विनिर्देशन २०१५ साली आरएफसी ७४८९ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील एक) म्हणून प्रसिद्ध झाले. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक उत्तीर्ण झाले पाहिजे आणि त्यातले डोमेन दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याच्या डोमेनशी जुळले पाहिजे, ही त्याची अट; वर सांगितलेली पाकिटाची पळवाट येथेच बुजते. अट न पाळणाऱ्या पत्राचे काय करावे, हे डोमेनचा मालक ठरवतो, आणि त्यासाठी तीन धोरणे आहेत.

‘नन’ म्हणजे काहीही न करता केवळ अहवाल मागवणे. हे धोरण अनेक जण लावतात आणि तेथेच थांबतात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही उपाय सक्तीचे केले, जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला सुमारे ५,००० पत्रांची आहे. परंतु त्या अटीला ‘नन’ पुरते, त्यामुळे अटीची पूर्तता झाली म्हणजे बनावट पत्रे अडली, असा गैरसमज बळावला आहे.

‘क्वारंटाइन’ संशयित पत्र स्पॅममध्ये टाकायला सांगते आणि ‘रिजेक्ट’ ते दारातच नाकारायला सांगते. पहिले सौम्य आणि म्हणून सुरक्षित, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तुमची एखादी खरी सेवा यादीतून सुटली असेल, तर क्वारंटाइनमध्ये तिची पत्रे गुपचूप स्पॅममध्ये जातात आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रिजेक्टमध्ये नकार पाठवणाऱ्या सर्व्हरकडे परततो आणि चूक त्याच दिवशी उघड होऊ शकते. म्हणून क्वारंटाइनवर थोडेच आठवडे राहावे. रिजेक्टची घाईही महाग पडते: एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला ते लावले, तेव्हा मेलिंग लिस्टांवर (एकच पत्र सर्व सदस्यांना पाठवणाऱ्या गटांवर) याहूच्या पत्त्यांवरून लिहिलेली पत्रे इतर सदस्यांकडून परत येऊ लागली, कारण लिस्ट पत्रात भर घालते आणि स्वाक्षरी मोडते. तुमचे सहकारी अशा लिस्टांवर नियमित लिहीत असतील, तर त्यासाठी वेगळे डोमेन ठेवणे बरे.

अहवाल एक्सएमएल स्वरूपात, साधारणपणे रोज येतात. दोन-तीनच सेवा असतील, तर साध्या विनामूल्य साधनाने ते वाचता येतात. विभाग अनेक आणि प्रत्येकाचा पुरवठादार निराळा असेल, तर अहवालांची सशुल्क सेवा घ्यावी, कारण विसरलेला पाठवणारा बहुधा त्याच गर्दीत असतो. ज्या डोमेनवरून ईमेल जातच नाही, त्याला कोणालाच परवानगी न देणारी एसपीएफ नोंद आणि रिजेक्ट आजच लावावे. ईमेल पाठवणाऱ्या डोमेनला मात्र एसपीएफच्या शेवटी ‘यादीबाहेरचे नाकारा’ सांगणाऱ्या उणे चिन्हाऐवजी (-) ‘केवळ संशयित माना’ सांगणारे टिल्ड (~) ठेवावे, म्हणजे डीकेआयएम तपासण्याआधीच पत्र नाकारले जाण्याचा धोका टळतो.

एक अक्षर बदलून नोंदवलेले मिळतेजुळते डोमेन, केवळ नाव तुमचे आणि पत्ता भलताच असलेले पत्र, किंवा सहकाऱ्याच्या हॅक झालेल्या खात्यातूनच गेलेले पत्र यांतले काहीही रिजेक्टने अडत नाही. बँक खाते बदलल्याचे पत्र या मार्गांनी आले, तर ते तिन्ही तपासण्या उत्तीर्ण होऊनही येऊ शकते, म्हणून खातेबदलाची खात्री आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करूनच केली जाईल, असे ग्राहकांना अगोदर लेखी कळवून ठेवावे लागते.