आखीव पत्रिकेतला झाकलेला शेरा

नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या कौलारू घरासाठी मी पाच लाख रुपये इसार दिला. निवृत्तीच्या पैशातले. तेच घर अजून लोकांना दाखवणं चालू आहे, म्हणून हे लिहितोय.

विकणारा नागपुरातच जन्मलेला. घर आजोबांच्या नावावर, आणि आजोबा फाळणीनंतर कराचीला गेले, हे त्यानं स्वतःच सांगितलं. वर म्हणाला, "काकाजी, ताश्कंदला सगळं परत द्यायचं ठरलं होतं. मी वारस आहे." दलालानं री ओढली, "तीस वर्षांचा सर्च क्लिअर आहे, टेन्शन घेऊ नका."

सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या दस्तांची तपासणी. त्या तीस वर्षांवरच मी फसलो. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी नागरिकांच्या इथल्या मालमत्ता सरकारनं ताब्यात घेऊन शत्रू संपत्ती अभिरक्षकाकडे, म्हणजे अशा मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे दिल्या आणि १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्यानं त्या त्याच्याकडेच ठेवल्या. तीस वर्षं मागे जाऊन १९६५ हाती लागतच नाही. ताश्कंदला १९६६ मध्ये भारत-पाकिस्तानात ठरलं ते मालमत्ता परत करण्यावर फक्त बोलणी करायचं. आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला हक्क नाही, त्यानं केलेली विक्रीही चालत नाही. हे मला इसार देऊन झाल्यावर कळलं.

कळलं तेही योगायोगानं. बँकेनं कर्जासाठी आखीव पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डची नक्कल मागितली, म्हणून सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून काढली. घरी येऊन दलालानं दिलेल्या झेरॉक्सशेजारी ठेवली. नकलेत शेऱ्याच्या रकान्यात अभिरक्षकाच्या नावाची नोंद होती. झेरॉक्समध्ये तो रकाना कोरा होता, आणि उजेडात धरल्यावर कागदाची पट्टी ठेवून झाकल्याची फिकट कड दिसत होती. बायको काही बोलली नाही, नुसती त्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

दोन लाख चेकनं दिले होते, त्याचा पुरावा आहे. तीन लाख रोख दिले, ही माझी मोठी चूक. पोलिसांत तक्रार दिलीय. विकणाऱ्याचा फोन बंद आहे.

निळं दार, अंगणात कडुनिंब. ते घर कुणी दाखवलं तर दलालाची झेरॉक्स घेऊ नका. आखीव पत्रिकेची नक्कल स्वतः जाऊन काढा, १९६५ च्या आधीपासूनचे फेरफार पाहा, आणि घरातलं कुणी पाकिस्तानात गेलं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.